छत कोसळल्यावरचा पहिला प्रश्न

रविवार, २३ मे २००४. सकाळचे साडेसहा वाजून गेलेत आणि तुम्ही पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर, टर्मिनल २ई मध्ये उभे आहात. नागपुरातून मे महिन्यात निघालात म्हणून अंगात साधा सुती सदरा आहे, आणि इथे बाहेर पारा चार अंशांवर उतरलेला. याच आठवड्यात तो पंचविसापर्यंत चढला होता. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

या प्रवासाला अट एकच. कोणाला सावध करायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. जिथे उतराल तिथे फक्त एवढं टिपायचं, की पडझड झाल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारला गेला.

आधी मान वर करा. डोक्यावर काँक्रीटची लांबच लांब कमान, आणि आत खांब म्हणून नाही. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही, कारण भिंतच वाकून छत झाली आहे. चार-चार मीटर रुंदीच्या कड्या एकीला लागून एक उभ्या करून हा बोगदा तयार केलाय. आतून सव्वीस मीटर रुंद, आणि कवचाची जाडी जेमतेम तीस सेंटीमीटर. चौकोनी झरोक्यांतून सकाळचा उजेड आत येतोय. वास्तुविशारद पॉल आंद्रू यांचं हे काम. याच विमानतळाचं १९७४ साली उघडलेलं पहिलं टर्मिनलही त्यांचंच. आज ते इथे नाहीत, बीजिंगमध्ये त्यांच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचं बांधकाम चालू आहे. २५ जून २००३ रोजी सुरू झालेलं हे टर्मिनल अजून वर्षाचंही झालेलं नाही. खर्च ७५ कोटी युरो.

तुम्हाला भिंतीतून पलीकडे जाता येतं, तेव्हा जरा बाहेरून बघून या. इतकं पातळ कवच स्वतःच्याच वजनानं दोन्ही बाजूंना फुगू पाहतं. ते आवरून धरायला बाहेरून वाकवलेल्या पोलादी पट्ट्या ताणून बसवल्यात. पट्टी आणि काँक्रीट यांच्यामध्ये अंतर राखायला आखूड पोलादी दांडे आहेत, त्यांची टोकं काँक्रीटमध्ये रुतवलेली. या सगळ्यावर काचेचं आवरण, त्यामुळे ये-जा करणाऱ्याला यातलं फारसं काही दिसत नाही. अजून एक पाहा. ज्या बाजूला विमानाकडे नेणारे पूल जोडलेत, त्या बाजूला कवचाला दारं पाडली आहेत. म्हणजे जिथून माणसं जातात, नेमकं तिथलंच काँक्रीट काढून टाकलेलं.

आत या. गेट ई-५० च्या जवळ बारीक धूळ पडू लागली आहे. तडतड असा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. एका पोलिसाचं लक्ष वर जातं. तो कोणाच्या लेखी आदेशाची वाट पाहत नाही. हातवारे करत, ओरडत माणसांना मागे रेटायला लागतो. रविवार आणि तीही पहाटेची वेळ, म्हणून गर्दी नाही. न्यूयॉर्क आणि जोहान्सबर्गच्या विमानांतून उतरलेली माणसं आहेत, काही जण पुढच्या विमानासाठी थांबलेत. सातला दोन-तीन मिनिटं कमी असताना सुमारे तीस मीटर लांबीचं छत खाली येतं. काँक्रीट, पोलाद, काच, सगळं एकदम. नंतर बराच वेळ धुळीशिवाय काही दिसत नाही.

चार माणसं गेली. पोलिसानं मागे रेटलं नसतं, किंवा हीच वेळ भर गर्दीची असती, तर किती जण गेले असते याचा अंदाजही करवत नाही.

आता कान द्या. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचे प्रमुख पिएर ग्राफ पत्रकारांपुढे उभे आहेत. ते सांगतात की बाकीच्या कड्या भरवशाच्या नाहीत असं निघालं, तर ही सगळी इमारत पाडून टाकू. म्हणजे इथला पहिला प्रश्न असा: पडलेल्याचं जे झालं ते झालं, पण जे अजून उभं आहे त्याचं काय?

नऊ महिने पुढे चला. फेब्रुवारी २००५. जाँ बर्तिए यांच्या समितीचे निष्कर्ष जाहीर झालेत. एक गुन्हेगार हाती लागेल म्हणून वाट पाहणाऱ्यांची निराशा होते, कारण दोष एक नाही. काँक्रीटमध्ये सळई हवी तेवढी नव्हती. पोलादी दांड्यांची टोकं कवचात फार खोलवर गेली होती, तिथूनच काँक्रीट फुटायला लागलं. दारं पाडलेला भाग आधीच अशक्त होता. आणि थंडी-उन्हानं रोज थोडं आखडत, थोडं पसरत काँक्रीटला बारीक तडे जात राहिले. त्या दिवशी पहाटे पारा घसरला आणि जे महिनोन्‌महिने चाललं होतं ते पुरं झालं. यातलं एकेकटं कारण इमारतीनं कदाचित सोसलं असतं. पण मुळात आराखड्यातच चुकीला जागा ठेवलेली नव्हती. एक कडी कमजोर पडली, तर तिचा भार उचलायला दुसरी वाट नव्हती.

इथे नागपूरकर म्हणून तुमचे कान टवकारायला हवेत. पॅरिसमध्ये वीस-एकवीस अंशांच्या चढउताराची चर्चा झाली. आपल्याकडे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ वर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५ वर आला होता. शंभर मीटर लांबीचं पोलाद चाळीस अंशांच्या फरकात जवळजवळ पाच सेंटीमीटर लांबतं आणि तेवढंच आखडतं. त्याला हलायला जागा ठेवली नाही, तर ते स्वतःच जागा करून घेतं आणि मग भेगा दिसायला लागतात. हे गणित इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही येतं. प्रश्न गणिताचा नाही. ते गणित बरोबर सोडवलंय ना, हे दुसऱ्या कोणी तपासलं का, हा आहे.

मार्च २००५ मध्ये निर्णय झाला. पडले होते तीस मीटर, पण पाडायचा ठरला तो अख्खा बोगदा. त्याच्या जागी पोलाद आणि काचेची, नेहमीच्या पद्धतीची इमारत उभी राहिली. त्यासाठी आणखी १० कोटी युरोंच्या घरात खर्च आला. ३० मार्च २००८ ला ती प्रवाशांसाठी उघडली. त्यानंतर पंधरा दिवसांनी, १४ एप्रिल २००८ ला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, आपल्या नागपूर विमानतळाच्या सध्याच्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. आपली ही इमारत त्या दुरुस्त झालेल्या इमारतीच्याच वयाची आहे.

आता बरंच मागे जायचं आहे आणि घराजवळ. डिसेंबर १९५३, ११ तारीख संपून १२ लागलेली. सोनेगावचं विमानतळ. यावेळी थंडी ओळखीची आहे, कान झाकून घ्या. जानेवारी १९४९ पासून इथे रोज रात्री एक खेळ चालतो. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार टोकांची विमानं मध्यरात्री नागपुरात उतरतात, आपापलं टपाल एकमेकांना देतात आणि पहाटेच्या आत परत फिरतात. देशाच्या मधोमध असल्याचा मान नागपूरला झिरो माइलच्या दगडानं दिला असेल, पण त्याचं काम होतं ते या रात्रीच्या टपालात.

दिव्याखाली थैल्यांचे ढीग लागलेत. एक वयस्कर हमाल दुसऱ्याला झापतोय.

"काऊन बे, मद्रासचा थैला कलकत्त्याच्या ढिगात काऊन?"

"राह्यला जी काकाजी, आत्ता नेतो."

थैला उचलला जातो, पुन्हा वजनाला लागतो, कागदावर आकडा चढतो. विमानात किती भार आहे आणि तो पुढे किती, मागे किती, हे लिहून झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. कोणी वरचा साहेब घाईत आहे म्हणून हा हिशेब कोणी सोडत नाही.

तीनच्या पुढे मद्रासचा डाकोटा धावपट्टीवरून उठतो. थोडा वर जातो, आवाज बदलतो आणि तो खाली येतो. आग लागते. विमानातली तेरा माणसं जातात, वैमानिक तेवढा वाचतो. टपालाचे थैलेही जळतात.

इथेही पहिला प्रश्न टिपा. इंजिनाचं काय झालं? सरकारनं चौकशी न्यायालय नेमलं, साक्षी-पुरावे झाले आणि कारण सांगितलं गेलं: उड्डाणाच्या नाजूक क्षणी डाव्या इंजिनाची ताकद गेली. सगळ्या जगात विमानाच्या अपघाताची अशीच पद्धत पडली आहे. विमान पडलं तर कोण येणार, काय जप्त करणार, अहवाल कोणाला देणार, हे विमान पडायच्या आधी ठरलेलं असतं. आज आपल्याकडे त्यासाठी वेगळा विभाग आहे, नियम आहेत. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, तर महिन्याच्या आत प्राथमिक अहवाल लोकांपुढे आला. त्या अहवालावर वाद झाले, होत राहतील. पण वाद घालायला समोर कागद तरी होता.

आता उडणारं सोडा, उभं असलेलं बघा. जून २०२४ चे तीन दिवस.

गुरुवार, २७ जून. जबलपूरचा डुमना विमानतळ. सिवनीमार्गे निघालं की सकाळचा चहा घेऊन दुपारच्या जेवणाला पोहोचावं इतका जवळ. नवं टर्मिनल, खर्च सुमारे ४५० कोटी, उद्घाटनाला चार महिनेही झालेले नाहीत. दारापुढे गाड्या थांबतात तिथे कापडी छत ताणलंय. पाऊस झालाय आणि कापडाच्या मधोमध पोट सुटलंय. लग्नाच्या मांडवात पाणी साचलं की घरातला कोणीतरी शहाणा माणूस खालून बांबूनं ढोसून ते ओतून देतो. इथे तो माणूस नाही. एक चौरस मीटरवर दहा सेंटीमीटर पाणी म्हणजे शंभर किलो. पाच बाय चारच्या खळग्यात तेवढं पाणी साचलं, तर दोन टन. आणि खळगा जितका खोल, तितकं पाणी आणखी तिथेच धावतं. कापड फाटतं, लोखंडी भाग खाली येतो आणि उभ्या असलेल्या एका मोटारीचा टप चेपतो. मोटारीतले साहेब नुकतेच उतरून आत गेलेत. थोडक्यात निभावलं.

शुक्रवार, २८ जून. दिल्ली, टर्मिनल १, पहाटेचे पाच वाजलेत. पाऊस असा की सफदरजंग वेधशाळेच्या नोंदीत चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर भरेल, १९३६ नंतर जूनमधल्या एका दिवसातला सर्वांत जास्त. निर्गमनाच्या दारापुढच्या पत्र्याच्या छताचा एक भाग त्याच्या खांब-तुळयांसकट खाली उभ्या गाड्यांवर येतो. एक टॅक्सीचालक जागीच जातो, काही जण जखमी होतात. उड्डाणं दुसऱ्या टर्मिनलवर हलवली जातात.

शनिवार, २९ जून. राजकोटजवळचा हिरासर विमानतळ, उद्घाटन जुलै २०२३ चं. इथे बांबू घेणारा माणूस आहे, पण साचलेलं पाणी काढताना कापडी छतच फाटतं. सुदैवानं कोणाला लागत नाही.

आता दिल्लीतला पहिला प्रश्न ऐका. तो धूळ खाली बसायच्या आत विचारला जातो: हे कोणाच्या काळात बांधलं? काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे ताज्या उद्घाटनांची यादी वाचतात. १० मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांनी एका झटक्यात बारा नव्या टर्मिनलांचं उद्घाटन केलं होतं, त्यात दिल्ली, जबलपूर होतं, आपलं पुणे आणि कोल्हापूरही होतं. उत्तरात नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू सांगतात की पडलेला भाग नवा नव्हे, २००९ साली सुरू झालेला आहे. हे खरंच आहे. आणि २००९ साली हे खातं होतं आपल्या गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांकडे, जे २०२४ मध्ये सत्ताधारी आघाडीत आहेत. म्हणजे कोणाच्या काळात हा प्रश्न सोडवत बसलं, तर उत्तर फिरून फिरून पुन्हा त्याच दारात येतं. छताला पक्ष नसतो. त्याला जोड असतात, बोल्ट असतात, पाणी वाहून नेणारे पन्हाळ असतात, आणि ते पन्हाळ शेवटचे कधी साफ केले याची एक वही असायला हवी असते.

दिल्लीत काहीच झालं नाही असं नाही. नुकसानभरपाई जाहीर झाली, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना पाहणी करायला सांगितलं गेलं, इतर विमानतळांनाही तपासणीचे आदेश गेले. पण चौकशी कोणी करायची हे छत पडल्यावर ठरवावं लागलं. त्याच आवारात, शंभर-दोनशे मीटर पलीकडे, एखाद्या विमानाचं चाक निखळलं असतं, तर हे ठरवत बसावं लागलं नसतं.

परतीच्या वाटेवर दोन थांबे घ्या. पहिला, १४ मार्च २०१९, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा पादचारी पूल, संध्याकाळची घरी जायची वेळ. पुलाचा मधला भाग खालच्या रस्त्यावर पडतो, माणसं जातात. ऑडिट झालेलं होतं. त्यात या पुलाला फक्त किरकोळ दुरुस्ती सांगितली होती. दुसरा थांबा बल्लारशाहचं रेल्वे स्थानक, २७ नोव्हेंबर २०२२, रविवारची संध्याकाळ. गाडी पकडायला निघालेली माणसं पादचारी पुलावर आहेत आणि पायाखालची लादी निघून जाते. वीसेक फूट खाली रूळ. एका महिलेचा जीव गेला, कित्येकांची हाडं मोडली. त्यातली बरीच माणसं तुमच्या-आमच्या जिल्ह्यांतली होती. दोन्ही ठिकाणी दुसऱ्या दिवशी निलंबन, भरपाई, उच्चस्तरीय चौकशी हे शब्द छापून आले. महिन्याभरानं त्यांचं काय झालं ते विचारायला कोणी गेलं नाही, कारण तोवर दुसरीकडे काहीतरी पडलं होतं.

तुम्ही आता तुमच्या काळात परत आलात. नागपूर विमानतळाचं नवं टर्मिनल व्हायचं आहे. जीएमआर समूहाला काम द्यायचं की नाही यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली, सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून भूमिपूजन केलं. खर्चाचा आकडा सुमारे ७,००० कोटींचा सांगितला गेलाय. चित्रं छान आहेत. उंच छत, मोकळा दर्शनी भाग, दारापुढे रुंद छत्र. असं काही बांधूच नये असं कोणी म्हणणार नाही. नागपूरला मोठं विमानतळ हवंच आहे.

पण उद्घाटनाची फीत कापायच्या आधी विचारून ठेवायच्या तीन गोष्टी आहेत. पहिली, आराखडा ज्यांनी केला त्यांच्याशी लागेबांधे नसलेल्या कोणत्या संस्थेनं त्याचं प्रूफ चेकिंग केलं, आणि त्यात ४७ अंशांचा उन्हाळा आणि एका रात्रीत येणारा ढगफुटीचा पाऊस धरला आहे का? आपल्या शहरात व्हीएनआयटी आहे, अशा तपासणीसाठी माणसं शोधायला दूर जावं लागणार नाही. दुसरी, दर्शनी छताची, त्याच्या जोडांची आणि पन्हाळांची पावसाळ्याआधीची तपासणी कोण करणार आणि त्याची नोंद लोकांना पाहता येईल का? तिसरी, उद्या इमारतीचा एखादा भाग पडलाच, तर चौकशी कोण करणार आणि किती दिवसांत अहवाल जाहीर करणार, हे आजच लिहून ठेवणार का? उडणाऱ्या विमानाला हा नियम आहे. त्याच विमानाकडे जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावरच्या छतालाही तो लागू करायला कायद्यात थोडी भर घालावी लागेल, एवढंच. हे काम संसदेचं आहे आणि विदर्भातून तिथे दहा खासदार बसतात.

कोणाच्या काळात बांधलं, हा प्रश्न निवडणुकीपुरता ठेवा. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, दोन्हीकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. शुल्क दहा रुपये आहे. वरचे तीन प्रश्न अर्जावर जसेच्या तसे उतरवून घ्या आणि पाठवा.